भोपाळला गेलेलं अकरावं रीळ

मेळ्याची जाहिरात करणारी रिक्षा परवा गल्लीतून ओरडत गेली. झुले, सर्कस, गजक, लोकरीचे कपडे, चले आइए, चले आइए! मी उठून खिडकी लावून घेतली. दरवर्षी लावते. कुणी विचारलं तर थंडीचं कारण सांगते, आणि ग्वाल्हेरच्या थंडीवर कुणी संशय घेत नाही.

खालच्या मजल्यावरची रेवा तेव्हा माझ्याकडेच बसली होती. कॉलेजात सिनेमाचा काहीतरी कोर्स करते. माझ्या हातचा चहा आईच्या चहापेक्षा चांगला असतो म्हणते. खोटं बोलते, पण मला चालतं. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, हे बघ ना. वॉर की फिल्म है, पण आत परी पण आहे, राक्षस पण आहे. खऱ्या हिस्टरीत फेअरी टेल मिक्स केली आहे. असं आधी किसी ने सोचा ही नहीं था."

"केलं होतं," मी म्हटलं. "आमच्या अण्णांनी. मेळ्यातल्या तंबूत, दुपारी तीनच्या खेळाला."

"क्या बात कर रही हो, आजी!" ती मांडी घालून सरसावून बसली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलत बोलतच चपला घातल्या, बोलत बोलतच जिना उतरली. परत काही आली नाही. तिचा चहा गार झाला, तो मीच प्यायले. तोंडाशी आलेली गोष्ट गिळायची म्हणजे जिवाला त्रास, म्हणून लिहून काढते आहे.

राजधानी भोपाळला गेली तो हिवाळा. रियासती गेल्यावर काही वर्षं आमचं मध्य भारत नावाचं राज्य होतं. तेही मोडलं, मोठं मध्यप्रदेश झालं, आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या उठल्या. लष्कर म्हणजे शहराचा आमचा भाग, तिथं मराठी गल्ल्यांमधून घरटी एक कारकून. बाड्याच्या चौकात भाजी घेताना बायका आपसांत बोलायच्या, "तिथं तलाव मोठा आहे म्हणे." "तलाव घेऊन काय करायचंय बाई, आपलं माणूस कुणी आहे का तिथं?" सकाळी शाळेत जाताना पेट्यांना खिळे ठोकल्याचे आवाज यायचे, आणि दुपारी परत येताना आणखी एका दाराला कुलूप दिसायचं. वर्गात माझ्या बाकावर आम्ही तिघी होतो. दिवाळीनंतर मी एकटीच पाय पसरून बसायला लागले. मास्तरांनी सुद्धा हटकलं नाही.

मी दहा वर्षांची. आई मी चारची असतानाच गेली होती. घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी. अण्णा रियासतीच्या फौजेतले, लढाईत बर्म्याला जाऊन आलेले. पुढं रियासत विलीन झाली, तिची फौजही विलीन झाली, आणि नव्या फौजेनं ज्यांना घेतलं नाही त्यांत अण्णा होते. बर्म्यात जवानांना सिनेमा दाखवायचं यंत्र चालवायला ते शिकले होते. तेवढ्या एका विद्येवर आमचं घर चाललं. बोलायचे फार कमी. मी बडबडायची आणि ते 'हं' म्हणायचे. त्या 'हं'चे दहा प्रकार होते आणि मला सगळे पाठ होते.

माझं खरं बोलणं शेजारच्या वेणूकाकूशी. वेणी घालायची ती, परकराची नाडी ओवून द्यायची ती, 'तोंड का उतरलंय गं?' असं विचारायची ती. तिचे यजमान गणपतकाका अण्णांच्याच बरोबर बर्म्याला गेले होते. अण्णा आले, काका आले नाहीत. मेल्याचंही पत्र आलं नाही. 'बेपत्ता' एवढंच आलं. तेव्हापासून तेरा-चौदा वर्षं काकू ठसठशीत कुंकू लावून दिराच्या घरात राहत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही, असा प्रश्न गल्लीतल्या बायकांना दरवर्षी पडायचा, आणि तो त्यांच्या तोंडावर दिसायचा. मग काकूच डोकं दुखतंय म्हणून घरी बसायची.

दीर वसंतराव सचिवालयात होते. त्यांची भोपाळची ऑर्डर आली आणि संक्रांत झाली की निघायचं ठरलं. मला हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात येणारी एक काकूच होती आणि ती माळ्यावरून भांडी काढत होती.

आता सिनेमाचं सांगते. मेळ्यातल्या ज्या तंबू टॉकीजचं यंत्र अण्णा चालवायचे, तिथं त्या वर्षी एक जादूचा बोलपट लागायचा होता. नाव आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नाही, त्या काळी दहातले चार तसेच असायचे. राक्षसानं अख्ख्या नगरीचे लोक दगडाचे करून टाकलेले, राजपुत्र सैन्य घेऊन निघतो, युद्ध होतं, राक्षस मरतो, आणि दगडाची माणसं पुन्हा हलायला बोलायला लागतात. डबे रेल्वेनं यायचे. चौदा यायचे होते, तेरा आले. अकरावं रीळ नव्हतं. झालं असं होतं की त्या दिवसांत ग्वाल्हेर स्टेशनवर दिसेल ती पेटी भोपाळची, अशी हमालांची सवयच होऊन गेली होती. कुणीतरी तो डबा कुठल्याशा खात्याच्या फायलींबरोबर चढवून दिला. राक्षसाचं युद्ध राजधानीत हजर झालं आणि इथं तंबूत नुसता राजपुत्र उरला!

तंबूचे मालक, त्यांना सगळे सेठजी म्हणायचे, कपाळाला हात लावून बसले. "बाबूजी, लड़ाई के बिना पिक्चर कैसे चलेगी? लोग तंबू फाड़ देंगे."

अण्णा 'हं' म्हणाले आणि घरी आले. खाटेखालून गंजलेला पत्र्याचा डबा ओढला. मुरारच्या छावणीतलं मोडकं सामान विकणाऱ्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी तो कधीतरी आणला होता. आत लढाईची खरीखुरी फिल्म होती, जवानांना दाखवायची बातमीपटाची. का आणली होती, कधी लावून पाहिली का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. उन्हात सतरंजीवर बसून त्यांनी कात्रीनं ती कापली, कडा खरवडल्या, नाकात झोंबणारं काहीतरी लावून त्या राजपुत्राच्या फिल्मला चिकटवल्या. मी फुंकर घालत होते. आपण केवढं मोठं काम करतोय असं मला वाटत होतं.

पडद्यावर ते असं दिसायचं. मुकुटातला राजपुत्र तलवार उपसून ओरडतो, "चलो!" आणि टचकन पांढरी रेघ. रेघेनंतर एकदम जंगल, चिखल, रोडके जवान. बंदुका डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातून नदी ओलांडणारे. खेचरं. वरून एक विमान. त्या फिल्ममधला इंग्रजी आवाज अण्णांनी बंद ठेवला होता आणि ग्रामोफोनवर लष्करी बँडची तबकडी लावली होती. बिड़ला नगरचे गिरणीतले लोक पुढं जमिनीवर बसायचे, त्यांनी आधी शिट्ट्या मारल्या. 'ये फौज तो असली है रे!' असं कुणीतरी ओरडलं. मागं खुर्च्यांवर मुरारचे काही शिपाई होते, ते मात्र हूं की चूं करेनात. धूर, स्फोट, पुन्हा पांढरी रेघ, आणि लगेच राक्षस धाडकन कोसळतो. दगडाची माणसं जांभया देत उठतात. टाळ्या! जोड कुणाला खटकली नाही. सेठजींनी अण्णांना मिठी मारली.

भोपाळला जायच्या आधी एकदा तरी चल, म्हणून मी काकूला ओढून नेलं. सिनेमा पाहून तिला कित्येक वर्षं झाली असतील. टांग्यात ती सारखी पदर ओढून घेत होती, लोक काय म्हणतील म्हणून. तंबूत बसल्यावर परी आली तेव्हा खुदकन हसली सुद्धा.

मग नदी आली. नदीच्या काठावर एक जवान मान वळवून सरळ आपल्याकडे बघतो, बाहीनं तोंड पुसतो आणि हसतो. एवढंच. पुढं दुसरी माणसं. काकूनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"कुसू," ती म्हणाली. "हे बघ. हे बघ गं. हेच ते. तू फोटो पाहिलायस ना? सांग, हेच ना?"

फोटो मी रोज पाहायची. फेटा, भरघोस मिशा, आणि फोटोग्राफरनं दम दिल्यासारखा चेहरा. पडद्यावरच्या माणसाला शिरस्त्राण होतं, मिशा नव्हत्या आणि वय जेमतेम विशीचं. तो काका नव्हता हे मला उघड दिसत होतं. पण काकूच्या घरातल्या ट्रंका दोरीनं बांधून झाल्या होत्या. काका इथं असतील तर काकू भोपाळला कशाला जाईल? हा सगळा हिशोब दहा वर्षांच्या माझ्या डोक्यात एका क्षणात झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

"हो काकू," मी म्हटलं. "तेच. अगदी तेच."

दुसऱ्या दिवशी काकूनं तिच्या ट्रंकेची दोरी सोडली. वसंतरावांना सांगितलं, मी येत नाही. संक्रांतीला त्या वर्षी तिनं स्वतः हळदीकुंकू केलं, गल्लीत उरलेल्या सगळ्या बायकांना घरोघर जाऊन बोलावलं, तिळाच्या वड्या केल्या, जरीचं लुगडं नेसली. बायका आल्या, एकमेकींकडे बघत आल्या. काकू इतकी हसत होती की मला तिच्याकडे पाहवेना. मी वड्यांचं ताट फिरवत होते. तरी मनातून मी खूश होते. खोटं कशाला सांगू, फार खूश होते.

शाळा सकाळची. दुपारी रोज काकू आणि मी मेळ्यात. दारावरचा माणूस ओळखीचा, तो आम्हाला तसंच सोडायचा. राजपुत्र तलवार उपसायचा, पांढरी रेघ यायची, आणि रेघ आली की काकू पदर सारखा करून ताठ बसायची. घरात पुरुषमाणूस आल्याची चाहूल लागली की बायका बसायच्या तशी. तो जवान हसून गेला की हळूच विचारायची, "पुढच्या रिळात सगळे उठतात ना गं?"

"उठतात ना, काकू. रोज उठतात."

पुढं मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, कोण हरलं, कोण जिंकलं. परीकथा आणि इतिहास यांत फरक काय, असं एकदा एका चुणचुणीत मुलीनं विचारलं होतं, आणि मी तिला काहीतरी पुस्तकी उत्तर देऊन खाली बसवलं. खरं मला तंबूतच कळलं होतं. परीकथेत मेलेले उठतात म्हणून ती गोड लागते. खऱ्या लढाईला जर कुणी परीकथेचं शेवटचं रीळ चिकटवलं, तर बघणाऱ्याला वाटतं की आता आपलंही माणूस उठेल. चिकटवणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसतं. अण्णांच्याही नव्हतं.

वसंतराव एका सकाळी अण्णांकडे आले. गरीब माणूस, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तुम्हीच सांगा आता मी काय करू. वहिनी म्हणतात, दादा सिनेमात आहे. कुसूनंही ओळखलं म्हणतात. मला कामावर हजर व्हायचंय, एकट्या बाईला मागं ठेवून जाऊ का?"

अण्णा माझ्याकडे वळले. "तू ओळखलंस?"

"फोटोवरून," मी म्हटलं आणि जमिनीकडे बघत राहिले.

"हं," अण्णा म्हणाले. हा 'हं' मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी अकरावं रीळ भोपाळहून परत आलं. डब्यावरचा भोपाळ खोडून कुणीतरी ग्वाल्हेर लिहिलं होतं. सेठजी खूश. मी मात्र अण्णांच्या हातातून डबा ओढायला लागले.

"नका लावू, अण्णा! काकू जाईल. मला कुणी नाही मग."

मला कुणी नाही, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते खाटेवर बसले. डब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "कुसू, मेळा उठणार आहे. तिला किती दिवस तंबूत बसवायचं?"

त्या दुपारी राजपुत्रानं तलवार उपसली आणि पांढरी रेघ आलीच नाही. पुठ्ठ्याचे दात लावलेले राक्षस नाचत पुढं आले. ढोल वाजले. काकू तशीच ताठ बसून राहिली, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत. रिकाम्या खुर्च्या, जमिनीवर शेंगांची टरफलं, आणि कापडातून येणारं थोडं ऊन. अण्णा यंत्राकडून हात पुसत आले आणि तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले.

"वहिनी, तो गणपत नव्हता. ती दुसऱ्याच पलटणीची फिल्म होती."

काकूनं पदर सारखा केला.

"आम्ही मागं हटत होतो. गणपतला ताप होता. दोन दिवस आळीपाळीनं उचलून आणला. तिसऱ्या दिवशी हुकूम झाला, चालता येत नाही त्याला ठेवून चला. मी त्याला एका झाडाला टेकवला. माझी पाण्याची बाटली ठेवली. म्हणाला, सोडून जाऊ नका रे. मी म्हटलं, गाडी घेऊन परत येतो." एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "गाडी नव्हती, वहिनी. कुठंच नव्हती. मला माहीत होतं."

"शुद्धीवर होते?" काकूनं विचारलं.

"होता."

"त्यांना खरं वाटलं?"

"हो. म्हणाला, लवकर ये."

काकू पांढऱ्या पडद्याकडे बघत होती. "म्हणजे तेही वाटच बघत बसले," ती म्हणाली. "तिकडे ते, आणि इकडे मी."

अण्णा तोंड झाकून रडले. मी काकूच्या गुडघ्याला धरून म्हटलं, "काकू, मी पण खोटं बोलले. मला माहीत होतं ते काका नाहीत." तिनं माझ्या गळ्यातला मफलर नीट गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाली, "कळलं गं." आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. ती फक्त दमली होती.

चार दिवसांनी ती सगळी भोपाळला निघाली. आम्ही स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मवर धुकं होतं आणि पेट्यांचे ढीग होते. काकूचं कपाळ मोकळं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं तिचंच ठरवलं होतं. जाऊबाई कुजबुजत होत्या, "निदान प्रवासाला निघताना तरी..." काकूनं ऐकलं आणि सोडून दिलं. अण्णांना तिनं खिडकीतून नमस्कार केला. अण्णांनी हात जोडले ते गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत.

मी खिडकीचे गज धरून उभी. "काकू, उन्हाळ्याच्या सुट्टीत येशील ना?"

"येईल की, येईल हो!" जाऊबाईंनी घाईघाईनं सांगून टाकलं.

काकूनं त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना थांबवलं. मग माझी बोटं गजावरून एकेक करून सोडवली. "नाही, कुसू," ती म्हणाली. "मी परत नाही येणार. तू माझी वाट बघू नकोस, बाळा."

मला तिचा असा राग आला! काय जात होतं तिचं एक 'हो' म्हणायला? सगळे म्हणतात. गाडी निघाली, सगळ्यांनी हात हलवले, मी मुद्दाम माझे मागं घेऊन उभी राहिले. तो राग कितीतरी वर्षं टिकला. पुढं अनेकजण 'येतो' म्हणून माझ्या घरातून गेले, आणि मी त्यांची वाट पाहिली. एकाची तर इतकी पाहिली की लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कळलं नाही. काकूची आठवण रोज यायची. पण गाडीची शिटी ऐकून मी तिच्यासाठी दाराशी गेले, असं एकदाही झालं नाही.